हेतुशुद्धी : सद्धर्मविचारात तर्काचे स्थान

जालना जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाने ‘जाळीचा देव’ हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर हा प्रदेश औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. बुलढाण्याची सीमा येथून जवळच आहे. त्यामुळे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश या तिन्ही मुलखांतले उपदेशी, वासनिक आणि भिक्षुक सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरणांकित भूमीला दंडवत घालण्यासाठी येथे येतात. त्यांच्याबरोबर आणखीही एक समुदाय येतो. तो म्हणजे दुखणाइतांचा. कुणाच्या मनाची घडी विस्कटलेली असते, कुणाला झोप नसते, कुणाला घरच्यांनी ‘बाधा’ म्हणून आणलेले असते. काही दिवस स्थानाजवळ राहावे, नेमाने स्थानवंदन करावे, नामस्मरण करावे, निरूपण ऐकावे आणि मग घरी परतावे, असा त्यांचा क्रम असतो.

अशा स्थानांवर दोन वाक्ये वारंवार कानी पडतात. पहिले : “सेवा केली आणि गुण आला, म्हणजे सेवेनेच गुण आला.” दुसरे : “अमक्याने सेवा अर्धवट सोडली आणि दुखणे उलटले, म्हणजे सोडल्यानेच उलटले.” बोलणाऱ्याच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. या दोन्ही वाक्यांत ‘आणि’ या शब्दापासून ‘म्हणजे’ या शब्दापर्यंत जी उडी मारली जाते, ती कशाच्या बळावर? ‘नंतर घडले’ एवढ्यावरून ‘त्यामुळे घडले’ हे सिद्ध होते काय? ही चौकशी वरवर शाब्दिक वाटते. परंतु तिच्यावर कित्येकदा एखाद्या जिवाचे आरोग्य, क्वचित त्याचे प्राणही अवलंबून असतात, आणि पंथाच्या सिद्धांताची शुद्धीही. म्हणून हेतू म्हणजे काय आणि हेतूचा केवळ आभास म्हणजे काय, याचा थोडा विचार करणे योग्य होईल.

पूर्वपक्ष

येथे पूर्वपक्षी म्हणेल, “तर्क ही पंडितांची विद्या. साधकाला तिचे काय काम? म्हाइंभटांसारखा शास्त्रज्ञ पुरुष विद्येचा गर्व घेऊनच स्वामींपुढे आला होता. तो गर्व उतरला तेव्हाच तो मार्गाला लागला. मग जो ताठा त्यांना टाकावा लागला, तो साधकाने नव्याने का अंगी बाणवावा?”

हा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही. त्यात एक सत्य आहे आणि एक गल्लत आहे. सत्य हे की, वादाची खुमखुमी साधकाला घातक असते. गल्लत ही की, म्हाइंभटांनी टाकला तो गर्व होता, विचार नव्हे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्यनिर्णयासाठी गुरुशिष्यांत किंवा समानशीलांत होते ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी जी केली जाते, ज्यात छलालाही आडकाठी नसते, ती जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष मोडत राहणे ती वितंडा. जल्पाची इच्छा घेऊन आलेला पुरुष वादाला प्रवृत्त झाला, हेच म्हाइंभटांचे खरे परिवर्तन. त्यांची बुद्धी पुढे काय करती झाली, ते सर्वांना ज्ञात आहे. शके १२०० च्या सुमारास त्यांनी लीळा संकलित केल्या. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी स्वामींचे सन्निधान अनुभवले त्यांना गाठून, त्यांच्या आठवणी विचारून, आचार्य श्रीनागदेवांकडून त्या पडताळून घेतल्या. साक्षीदार कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे विचारणे हाही तर्काचाच व्यापार होय. तीच बुद्धी, तेच पांडित्य. केवळ प्रयोजन पालटले.

शिवाय केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या सूत्रपाठाची रचना पाहावी. त्यात ‘आचार’ हे जसे स्वतंत्र प्रकरण आहे, तसेच ‘विचार’ हेही आहे. अन्य मतांहून आपल्या सिद्धांताचे वेगळेपण दाखविणारे ‘अन्यव्यावृत्ति’ हे प्रकरणही आहे. व्यावृत्ती म्हणजे वेगळे करणे, निवडणे. निवडण्याचे साधन हाती नसेल तर निवड कशी होणार? सूप न घेता धान्य पाखडण्यासारखेच ते होईल.

अनुमानाचे अवयव

गौतमप्रणीत न्यायशास्त्रात परार्थ अनुमानाचे पाच अवयव मानले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. भोकरदनच्या केळणा नदीच्या काठी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या तोंडून ते पाचही ऐकता येतात. “वर डोंगरात पाऊस झाला आहे” ही प्रतिज्ञा. “कारण नदीला पूर आला आहे” हा हेतू. “जेव्हा जेव्हा असा पूर येतो तेव्हा वरच्या अंगाला पाऊस झालेला असतो, जसा मागच्या श्रावणात झाला होता” हे उदाहरण. “आजचा पूर तसाच आहे” हा उपनय. “म्हणून वर पाऊस झाला आहे” हे निगमन. गावात थेंब पडलेला नसतानाही तो आपली बैलजोडी नदीपात्रातून मागे घेतो, तो याच अनुमानाच्या भरवशावर.

परंतु न्यायसूत्रांनीच येथे एक आक्षेप उपस्थित केला आहे. नदीचे पाणी बांध घातल्यानेही वाढते. मग पाणी वाढले यावरून पाऊस कसा सिद्ध होणार? त्याचे समाधान फार मार्मिक आहे. केवळ वाढलेले पाणी हा हेतूच नव्हे. गढूळपणा, ओढ, फेस, वाहत आलेला पालापाचोळा आणि लाकडे यांनी युक्त असलेला पूर हा हेतू. बांधाने तुंबलेले पाणी संथ असते. ते लाकडे वाहून आणीत नाही. म्हणजे अनुमान फसले तेव्हा दोष अनुमानाचा नव्हता. अनुमान करणाऱ्याने हेतू नेमका पाहिला नव्हता. हेतुशुद्धी म्हणजे हेच नेमकेपण.

या शास्त्रात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले जातात. कारणावरून कार्याचे अनुमान ते पूर्ववत्. दाटून आलेल्या ढगांवरून येणाऱ्या पावसाचे अनुमान तसे. कार्यावरून कारणाचे अनुमान ते शेषवत्. वरचे पुराचे उदाहरण त्यातलेच. आणि जेथे साध्य प्रत्यक्ष दिसत नाही, पण सामान्य नियमावरून कळते, ते सामान्यतोदृष्ट. सूर्य आता पूर्वेला होता, आता पश्चिमेला आहे, यावरून त्याला गती आहे असे म्हणणे त्या जातीचे. हे शेवटचे उदाहरण जुन्या ग्रंथांतलेच आहे, आणि तेच सावध करणारेही आहे. स्थानांतर दिसले हे खरे. पण ते सूर्याच्या गतीने की पृथ्वीच्या, हे आधुनिक ज्योतिषाने वेगळे ठरविले. दृश्य खरे असूनही निगमन पालटावे लागते, हे शास्त्रज्ञानेही विसरू नये.

दृष्टांताची मर्यादा

महानुभाव वाचकाला तर्काचा सर्वांत परिचित अवयव म्हणजे दृष्टांत. केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत, आणि त्यांची मांडणी त्रिविध आहे : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. ही तिसरी पायरी कशासाठी? दृष्टांतातले काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा बंध घालण्यासाठी. गुरू दीपासारखा आहे असे म्हटले, तर त्याचा प्रकाश घ्यावयाचा, काजळी नव्हे. दार्ष्टांतिक सोडून जो दृष्टांत ताणतो, तो कथा सांगतो. सिद्धांत सांगत नाही. आजच्या कित्येक निरूपणांत गोष्टींची रेलचेल असते आणि दार्ष्टांतिकाचा पत्ता नसतो. श्रोते गोष्ट घेऊन घरी जातात, अर्थ मंडपातच राहतो.

हत्ती आणि जन्मांध यांचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. ज्याने कान चाचपला त्याला हत्ती सुपासारखा वाटला; ज्याने पाय धरला त्याला खांबासारखा. येथे बारकाईने पाहिले तर कुणाचेही प्रत्यक्ष खोटे नाही. हाताला लागले ते तसेच होते. खोटे ठरले ते निगमन. अंगाचे ज्ञान हे अंगीचे ज्ञान मानले गेले. एक भिक्षुक पाहून सगळा पंथ जोखणे, एक प्रसंग पाहून माणसाचा स्वभाव ठरविणे, एका हंगामाच्या भावावरून दहा वर्षांच्या मोसंबीची बाग लावणे, हे सर्व त्या जन्मांधांचेच वंशज. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कित्येक मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या. जमीन तीच, झाडे तीच होती; मागच्या वर्षीचे पाणी पुढच्या वर्षी राहील, हा नियम मात्र कुणी दिलेला नव्हता.

पाच हेत्वाभास

जो हेतूसारखा दिसतो पण साध्य सिद्ध करीत नाही, तो हेत्वाभास. न्यायसूत्रांनी त्याचे पाच भेद केले आहेत. त्यांची ओळख धूर आणि अग्नी यांच्या ठराविक उदाहरणांपेक्षा पंथाने स्वतः जे सोसले त्यातून अधिक स्पष्ट होईल. महानुभावांविषयी गेल्या काही शतकांत जे आरोप झाले, त्यांत या पाचांची उदाहरणे जणू ओळीने मांडून ठेवलेली आहेत.

पहिला सव्यभिचार. हेतू साध्याबरोबरही राहतो आणि साध्य नसेल तेथेही राहतो, तेव्हा हा दोष होतो. “हे लोक काळी वस्त्रे नेसतात, म्हणून अमंगल आहेत,” असे म्हटले जात असे. काळेपणा अमंगलाचे चिन्ह असेल, तर धनगराची घोंगडी अमंगल, मेघ अमंगल, आणि ज्या जमिनीवर या मुलखाचे पोट चालते ती काळी कसदार मातीही अमंगल. भगवान श्रीकृष्णांचा वर्ण तर सर्वांनाच विदित आहे. हेतू चारी दिशांना भटकतो आहे. त्याला साध्याशी बांधून ठेवणारी व्याप्तीच नाही.

दुसरा विरुद्ध. येथे हेतू साध्याच्या उलटच सिद्ध करतो. “करणी कसाबाची, बोलणी मानभावाची” ही म्हण मराठीत रूढ आहे, आणि ‘मानभावी’ हा शब्द दांभिक या अर्थाने कोशांतही जाऊन बसला आहे. या म्हणीवरून मानभाव दांभिक असतात, असा निष्कर्ष काढला जातो. पण म्हण काय सांगते ते पाहावे. ती करणी कसाबाच्या पदरी घालते आणि बोलणी मानभावाच्या. दांभिकाने मानभावाची वाणी उसनी घेतली आहे. उसने कुणाकडून घेतले जाते? ज्याच्यापाशी असते त्याच्याकडून. बनावट नाणे सोन्यारुप्याचे पाडतात, खापराचे कुणी पाडीत नाही. महानुभावाची वाणी मृदू आणि अहिंसक असते हे समाजाला इतके मान्य होते की, दंभालाही तिचेच रूप घ्यावे लागले. ज्या म्हणीचा निंदेसाठी उपयोग झाला, ती बारकाईने पाहिल्यास साक्षीपत्र ठरते. तथापि येथेही एक सावधगिरी हवी. ही म्हण पूर्वजांच्या वाणीची साक्ष देते. आजच्या महानुभावाची साक्ष त्याला स्वतःलाच निर्माण करावी लागेल.

तिसरा असिद्ध. येथे हेतूच मुळात सिद्ध झालेला नसतो. ‘मानभाव’ म्हणजे ‘मांगभाव’ अशी एक व्युत्पत्ती लोकांत पसरविली गेली, आणि तिच्याभोवती पंथाच्या उगमाची एक कल्पित कथाही रचली गेली. शब्दाचा इतिहास सरळ आहे : महा आणि अनुभाव मिळून महानुभाव, त्याचे बोलीतले रूप मानभाव. ध्वनी जवळ आला म्हणून अर्थ जवळ येत नाही. परंतु या ठिकाणी खंडन करणाऱ्याचीही परीक्षा होते. आरोपाच्या पोटात एक न बोललेला हेतू दडलेला आहे : अमुक जातीशी संबंध म्हणजे हीनत्व. जो महानुभाव केवळ “छे, आमचा तसा संबंध नाही” एवढेच संतापाने उत्तरतो, तो व्युत्पत्ती खोडतो खरा, पण तो दडलेला हेतू मान्य करून बसतो. स्वामींच्या मार्गात स्त्री, शूद्र, अंत्यज कुणाही जिवाला मोक्षाचा अधिकार नाकारलेला नाही. म्हणून खरे उत्तर दुहेरी हवे : व्युत्पत्ती खोटी आहे, आणि ती खरी असती तरी त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. यांतले दुसरे उत्तर ज्याच्या मुखातून निघत नाही, त्याने पहिले उत्तर देण्याआधी स्वतःचे मन तपासावे.

चौथा सत्प्रतिपक्ष, ज्याला सूत्रांत प्रकरणसम म्हटले आहे. येथे एका हेतूसमोर तेवढ्याच बळाचा दुसरा हेतू उभा असतो आणि निर्णय होत नाही. अशा वेळी काय करावे, याचा आदर्श लीळाचरित्राच्या परंपरेनेच घालून दिला आहे. परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली, आणि स्मरणातून तिचा उद्धार करावा लागला. तेव्हा एका भक्ताचे स्मरण एक सांगे, दुसऱ्याचे दुसरे. पूर्वजांनी त्यातला सोयीचा पाठ ठेवून दुसरा पुसून टाकला नाही; निरनिराळ्या ‘वासना’ म्हणून ते भेद नोंदवून ठेवले. स्वामींच्या वचनावर ज्यांची प्राणापलीकडे निष्ठा होती, त्यांनी ‘येथे निर्णय होत नाही’ असे लिहिण्यात कमीपणा मानला नाही. स्वामींच्या उत्तरापंथे गमनाच्या शकासंबंधी किंवा एखाद्या स्थानाच्या निश्चितीसंबंधी आज हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी ही मनाची शांती अवश्य पाहावी.

पाचवा बाधित, सूत्रांत ज्याला कालातीत म्हटले आहे. अधिक बलवान प्रमाणाने साध्य आधीच खोटे ठरलेले असताना हेतू देत राहणे, हा तो दोष. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपींत होते. त्यावरून “लपवितात, त्या अर्थी त्यांत काही निंद्य असलेच पाहिजे,” असे अनुमान शतकानुशतके चालले. वास्तविक हे अज्ञानालाच हेतू करणे होते. ‘मला वाचता येत नाही’ हे वाक्य ग्रंथाविषयी काहीच सांगत नाही, ते वाचणाऱ्याविषयी सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी आणि पंथातल्या महंतांच्या औदार्याने त्या पोथ्या उलगडल्या. आत काय निघाले? मराठीचे आद्य गद्य, नरेंद्रांचे रुक्मिणीस्वयंवर, भास्करभट्टांचा शिशुपाळवध, महदाइसांचे धवळे. प्रत्यक्षाने अनुमान बाधित झाले. त्यानंतरही जो जुनाच आरोप करीत राहिला, त्याचा दोष अज्ञान नसून हट्ट झाला.

याखेरीज छल नावाचा एक दोष आहे. वक्त्याचा शब्द त्याच्या अभिप्रायाहून वेगळ्या अर्थाने पकडणे म्हणजे छल. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला असे वक्ता म्हणतो, छलवादी विचारतो, “याच्याकडे नऊ घोंगड्या कोठे आहेत?” हसू येण्यासारखेच आहे, परंतु ग्रामसभेत, भावकीत आणि दुर्दैवाने मठांतल्या मतभेदांतही एखाद्याचे वाक्य मागचेपुढचे तोडून फिरविले जाते, तेव्हा हाच छल वावरत असतो. फरक एवढाच की, तेथे कुणी हसत नाही.

आपल्या अंगणातील आभास

परक्याने केलेल्या आरोपातला हेत्वाभास ओळखणे सोपे असते, कारण तेथे डोळे उघडे ठेवण्यात आपला लाभ असतो. तर्काची खरी कसोटी लागते ती आपल्याला प्रिय असलेल्या निगमनाजवळ. म्हणून आता जाळीच्या देवाजवळ ऐकलेल्या त्या दोन वाक्यांकडे वळावे.

“सेवा केली आणि गुण आला, म्हणजे सेवेनेच आला.” कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, यालाच काकतालीय म्हणतात. कार्यकारणसंबंध ठरविण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात. जेथे हे आहे तेथे ते आहे, हा अन्वय; जेथे हे नाही तेथे तेही नाही, हा व्यतिरेक. सेवा करूनही गुण न आलेले किती, आणि सेवा न करताही बरे झालेले किती, याची मोजदाद कुणी केली आहे? ज्याला गुण येतो तो पुढच्या वर्षी नवस फेडायला येतो आणि दहा जणांना सांगतो. ज्याला येत नाही तो परत येतच नाही. स्थानावर ऐकू येणारी साक्ष अशा रीतीने एकाच बाजूची राहते. आणि एकाच बाजूच्या साक्षीवर तर न्यायालयही निवाडा करीत नाही.

दुसरी गोष्ट उपाधीची. अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही. कारण धूर निघण्यास ओले सरपण ही जास्तीची अट लागते. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ती दडलेली अट म्हणजे उपाधी. स्थानावर येऊन राहिलेल्या दुखणाइताला काय काय मिळते? घरातल्या कलहापासून दूर राहणे, वेळेवर उठणे आणि निजणे, साधे अन्न, चार माणसांची सोबत, ‘तू वेडा आहेस’ असे न म्हणणारे बोल. काही दुखणी तर स्वभावतःच चढतात आणि उतरतात. चढतीच्या वेळी माणूस स्थानावर येतो, उतरती आपोआपच पाठोपाठ येते. या सर्व उपाधी बाजूला काढल्याशिवाय हेतू निर्दोष ठरत नाही.

“मग स्थानाचे माहात्म्य खोटे काय?” असा प्रश्न येथे विचारला जाईल. हा प्रश्नच सिद्धांताच्या विस्मरणातून येतो. ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न सांगितले आहेत. प्रपंचातली सुखदुःखे, देहाची आरोग्ये आणि रोग, ही फळांची कक्षा आहे. परमेश्वराचे दान मोक्षाचे, प्रेमाचे, ज्ञानाचे. स्थानवंदन हे परमेश्वराच्या स्मरणासाठी असते. ताप उतरला की नाही, यावर जो परमेश्वराच्या सन्निधानाची परीक्षा करतो, तो पायली घेऊन प्रकाश मोजायला निघाला आहे. गुण आला म्हणून ज्याची श्रद्धा वाढली, त्याची गुण न आल्यावर ती मोडेल. कारण दोन्हींचा हेतू एकच, आणि तो आभास. म्हणजे या तर्कदोषाने रोग्याचे जेवढे नुकसान होते, तेवढेच श्रद्धेचेही होते.

दुसऱ्या वाक्यातला दोष तर क्रूर आहे. “सेवा सोडली म्हणून उलटले,” असे म्हणताच दुखण्याचा भार दुखणाइतावरच पडतो. गुण आला तर सेवेचा, न आला तर भक्ताच्या उणेपणाचा. काहीही घडले तरी जे विधान खोटे ठरूच शकत नाही, ते काहीच सिद्ध करीत नाही. ते केवळ आधीच पिचलेल्या माणसाला आणखी पिचविते.

समजा, परतूर किंवा मंठ्याकडचा एक वासनिक आपल्या तरुण मुलीला घेऊन स्थानावर आला. तिने पाच दिवस अन्न घेतलेले नाही, आणि रात्री ती आपल्याशीच बोलते. तो दंडवत घालून म्हणतो, “बाबाजी, हिला पंधरा दिवस येथे ठेवतो. दवाखान्याची औषधे आजपासून बंद केली, म्हणजे सेवेत व्यत्यय नको.” या क्षणी त्या भिक्षुकाच्या उत्तरात सगळे तर्कशास्त्र एकवटलेले असते. त्याने म्हणावे, “दादा, सेवा राहू द्या, औषधही राहू द्या. औषध बंद करा असे स्वामींनी कोणत्या सूत्रात सांगितले? मुलीला आधी डॉक्टरांना दाखवा. देहाचा उपाय देहाच्या मार्गाने होऊ द्या. नामस्मरणाला दवाखान्यातही कुणी अडवीत नाही.” असे म्हणणारा भिक्षुक स्थानाचे माहात्म्य कमी करीत नाही, तो ते खोट्या हेतूपासून सोडवितो. आणि जो गप्प बसतो, त्याच्या मौनालाही प्रतिज्ञेचे बळ येते, हे त्याने विसरू नये. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणे हा अपराध ठरविला आहे. राज्याचा कायदा शिक्षेच्या भयाने जे सांगतो, ते अहिंसाव्रती महानुभावाने दयेपोटी आधीच पाळलेले असले पाहिजे. कारण हिंसा हाताने होते तशी चुकीच्या निगमनानेही होते.

तर्काची सीमा

याचा अर्थ तर्काने परमेश्वर गवसतो, असा मात्र नव्हे. परमेश्वराचे ज्ञान परमेश्वराच्याच वचनाने होते. अनुमान तेथवर पोहोचत नाही. परंतु ते वचन समजून घेताना तर्क लागतोच. पंथात श्रुती, स्मृती, वृद्धाचार, मार्गरूढी आणि वर्तमान अशी प्रमाणांची उतरती श्रेणी मानली आहे. ही श्रेणी म्हणजेच शिस्तबद्ध तर्क होय. “आमच्याकडे पूर्वीपासून असेच चालत आले आहे,” एवढा हेतू देऊन आज एखादी प्रथा श्रुतीच्या आसनावर बसविली जाते, तेव्हा खालच्या पायरीने वरची पायरी गिळलेली असते. उलट, “हे जुने आहे, म्हणून खोटे आहे,” असे म्हणणाराही तोच दोष पाठ फिरवून करतो. वय हा सत्याचा हेतू नव्हे आणि असत्याचाही नव्हे.

आचार्य श्रीनागदेवांनी शास्त्र संस्कृतात नेण्याचा मोह आवरला आणि स्वामींच्या मराठीचाच आग्रह धरला. साध्याभोळ्या स्त्रीपुरुषांना ते पारखे होऊ नये, ही त्यांची तळमळ होती. त्या तळमळीचा अर्थ भोळेपण जपावे असा नाही. ज्ञान सर्वांच्या भाषेत यावे असा आहे. म्हणून हेतू तपासण्याची ही विद्याही मठातल्या अध्ययनापुरती न राहता पारायणानंतरच्या गोष्टीत, स्थानाच्या ओट्याजवळ, घरच्या देवपूजेनंतरच्या बोलण्यात उतरली पाहिजे. त्यासाठी पाच अवयव पाठ असण्याची गरज नाही. कुणी ‘म्हणजे’ किंवा ‘म्हणून’ असे म्हटले की क्षणभर थांबावे आणि विचारावे : हे कशावरून? याच्या उलट उदाहरण आहे का? आणखी काही कारण दडलेले आहे का? आणि सर्वांत शेवटी : हे निगमन खरे आहे म्हणून पटते, की आवडते म्हणून?

शेवटचा प्रश्न इतरांना विचारण्याचा नाही. तो ज्याचा त्याने स्वतःला विचारावयाचा आहे. सर्वज्ञांच्या चरणी प्रत्येक साधकाची हीच याचना असावी की, वाणी मृदू राहो, आणि हेतू शुद्ध राहो.